ठेवतो पट्टेवाला

"काका, आता घड्याळाकडे बघा. सगळ्या रेघा सारख्या दिसतात, की एखादी जास्त काळी दिसते?"

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तपासनीस खुर्चीत बसला होता. नाकावर जड चौकट, तिच्यात सरकवलेली भिंगं, एक डोळा झाकलेला. गेली अठ्ठावीस वर्षं तो कारखान्यात येईल ती वस्तू ठोकळ्यावर ठेवून एक डोळा मिटून बघत आला होता. आज आपल्यालाच कुणीतरी ठोकळ्यावर ठेवलंय ही जाणीव नवी होती आणि फारशी सुखाची नव्हती. त्यात ही चष्मेवाली पोरगी त्याच्या मुलीपेक्षा लहान, आणि दर वाक्याला 'काका'. समोरच्या उजळ तक्त्यावर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा होत्या आणि त्यांच्या टोकांना घड्याळाचे आकडे.

"दीड," तो म्हणाला.

"दीडची रेघच नाहीये, काका. एकची आहे, मग एकदम दोनची."

"दोन्ही काळ्या दिसतायत. सारख्याच."

"म्हणजे मधोमध. मग तुमचंच बरोबर, दीड." तिनं कागदावर लिहायला घेतलं.

"लिहू नका."

"काय?"

"काही नाही. लिहा, लिहा."

गेल्या दोन महिन्यांत त्यानं हा शब्द तोंडातून काढला नव्हता. घड्याळात दीड वाजले की तो 'जेवणाची वेळ होऊन गेली' एवढंच म्हणायचा. बाजारात दीड किलो घ्यायची वेळ आली तर दोन किलो घ्यायचा, आणि एवढं कोण खाणार म्हणून बायकोची बोलणी खायचा. इतक्या बंदोबस्तातून शब्द निसटला तो जिभेवरून नव्हे, थेट डोळ्यातून. आणि नेमका त्याच क्षणी खिशातला फोन थरथरला. कालपासून ही तिसरी वेळ. नंबर न बघताही त्याला माहीत होतं की पलीकडे ती कारखानदार बाई आहे, गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याच्या कारखान्यातल्यासारखंच लेझरचं मशीन टाकणारी. त्याच्या कारखान्यातून काढलेल्या पट्टेवाल्यानं तिच्याकडे अर्ज केला होता, आणि त्याच्याबद्दल विचारायला नंबर कुणाचा दिला, तर तपासनिसाचा. परवा स्वतः फोन करून सांगितलं होतं, "साहेब, त्या बाई स्वतःच विचारणार आहेत तुम्हाला. त्यांनी हो म्हटलं तर सोमवारपासून घेतील, नाहीतर मग या लायनीत राम राम. गावात मशिनं दोनच. मी काय सांगणार तुम्हाला? खरं तेच सांगा." खरं तेच सांगा! जणू तपासनीस आजवर दुसरं काही सांगत आला होता. त्याची सगळी अडचण तीच होती की तो नेहमी खरंच बोललेला होता.

"आता हे घालून जरा बाहेर चालून या," चष्मेवाली म्हणाली. "फरशी वर आल्यासारखी वाटेल. घाबरू नका."

तो फुटपाथवर आला. फरशी खरोखरच वर आली. माणसं एका बाजूला कललेली, विजेचा खांब ताठ पण संशयास्पद. त्या अवजड चौकटीसकट तो कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत चालत गेला. लोक बाजूला होत होते, एका बाईनं तर पोराला जवळ ओढलं. पट्टेवाल्याला त्यानं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोही असाच विचित्र दिसला होता, काळ्या काचेचा चष्मा घालून मशीनसमोर बसलेला, त्या काचेत एक पांढरा ठिपका. पट्टेवाला हे नाव त्याला कारखान्यानं दिलं होतं, कारण तो स्टेनलेस स्टीलवर लेझरचे पट्टे ओढायचा. पाहुणे आले की कुणीतरी हाक मारायचं, 'पट्टेवाल्याला बोलवा', आणि हा चाळीस लाखांचं मशीन थांबवून पुढं आला की पाहुणे त्याला तीन चहा आणि एक बिनसाखरेचा सांगायचे. तो आणायचाही. म्हणायचा, "नाव पडलंय तर काम करायला काय हरकत आहे?" तपासनिसाचंही नाव पडलेलं होतं, टोच्या, पण ते पाठीमागं. त्याचं काम टोचायचं. पट्टेवाल्यानं कडक केलेल्या जागेवर हिऱ्याचं अणकुचीदार टोक यंत्रानं दाबायचं आणि ते किती आत घुसलं त्यावरून आकडा वाचायचा. चोपन्न आला की माल पास. पन्नासच्या खाली आला की नापास. आकडा हिरा सांगतो, तपासनीस फक्त वाचतो, असं तो नव्या माणसांना अभिमानानं सांगत असे. त्या अभिमानात काय सोय दडलीय हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

लेझरचं काम पट्टेवाला फार सुंदर समजावून सांगायचा. जुने लोक पोलाद लाल करून पाण्यात बुडवायचे, त्याला पोलादाला पाणी देणं म्हणायचे. "इथं पाणीच नाही, साहेब. मी फक्त कातडी तापवतो, वितळायच्या एक पाऊल अलीकडं. खालचा सगळा गोळा गारच असतो. तो ती धग अशी काही गपकन गिळतो की कातडी जागच्या जागी कडक. स्वतःच स्वतःला पाणी देतं." त्याचा पट्टा बोटाच्या दोन पेरांएवढा रुंद असे, कडेला वाळल्या गवताच्या रंगाचा, मग निळसर. पिन, म्हणजे भरीव पोलादी दांडा, गोल फिरवत तो पट्टा तिच्याभोवती ओढायचा, कड्यासारखा. कडं जुळायचं तिथं एक भानगड होती. पट्ट्याचं शेवटचं टोक जेव्हा पहिल्या टोकाला येऊन भिडतं, तेव्हा आधी कडक झालेली जागा पुन्हा तापते, आणि पुन्हा तापली की थोडी मऊ पडते. नखाएवढीच जागा. तिथं हिरा टोचला तर एक्केचाळीस. याला कारखान्यात 'जोड' म्हणत. जोड चुकवता येत नाही. तो कुठं ठेवायचा एवढंच माणसाच्या हातात असतं. रात्री झोप येत नाही तेव्हा तपासनिसानं एक गंमत टिपून ठेवली होती. एखादी गोष्ट आपण मनात पुन्हा पुन्हा तापवत गेलो तर तीही मऊ पडायला हवी. पडत नव्हती. पोलादाचा नियम फक्त पोलादालाच.

चौकट परत करून, नंबरचा कागद घेऊन तो घराकडे निघाला. जुन्या चष्म्यातून रस्ता पुन्हा सपाट झाला होता. मऊ जागेचा विचार रस्त्यातही सुटत नव्हता, कारण रस्त्यातल्या दुकानांत घड्याळं होती आणि सगळ्या घड्याळांना एक आणि दोनच्या मधे जागा होती. त्या कामात पिना चारशे होत्या. मनगटाएवढ्या जाड, बाटल्या धुण्याच्या मशीनसाठी. त्या मशीनमध्ये पिन फिरत नाही, घट्ट बसलेली असते, तिच्यावर एक जड भुजा हलते. पिनेच्या एका टोकाला खाच. खाच वर धरली की ती बारा वाजता. मग बारा, तीन, सहा, नऊ अशा चार जागी टोचायचं, असं कागदावर लिहिलेलं. सुरुवातीला पट्टेवाला जोड कुठंही आणायचा. एकदा तो बरोबर तीन वाजता आला, हिऱ्याखाली सापडला, आणि वीस पिना नापास झाल्या. तेव्हा तपासनिसानं त्याला बोलावून सांगितलं, जोड एकाच जागी ठेव, माझ्या हिऱ्याच्या वाटेत नको.

"मग साडेसातला ठेवू?" पट्टेवाला म्हणाला. "तिकडं भार नसावा."

"साडेसात म्हणजे खाली गेला. मला रजिस्टरमध्ये 'जोड पाहिला' अशी खूण करावी लागते. प्रत्येक पिन उलटी करून बघू का?"

"मी करून देतो उलटी."

"चारशे पिना? दीडला ठेव. समोर दिसतो, बघितलं, खूण केली, झालं."

त्या महिन्यात त्याचा उजवा खांदा धरलेला होता. तीन किलोची पिन एकदा जास्त फिरवायची म्हणजे चारशे वेळा कळ. हे कारण त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, पट्टेवाल्यालाही नाही. सांगितलं असतं तर त्या माणसानं खरंच चारशे पिना फिरवून दिल्या असत्या. पिना गेल्या, आकडे सगळे चोपन्न-पंचावन्न, दाखल्यावर त्याची सही. त्या दाखल्यात खोटा शब्द एकही नव्हता. चार जागा मोजल्या होत्या, चार आकडे लिहिले होते. पाचवी जागा विचारलीच नव्हती कुणी.

सहा महिन्यांनी गिऱ्हाइकाचा इंजिनिअर फडक्यात गुंडाळून एक पिन घेऊन आला. टेबलावर त्यानं ती उलगडली. एक आणि दोनच्या मधे अंगठ्यानं लोणी दाबावं तसा खड्डा. बरोबर तिथंच भुजेचा सगळा भार येत होता. भुजा खचून खाली आली तेव्हा तिथल्या बाईनं हात नुकताच मागे घेतला होता. "नुकताच," इंजिनिअर दोनदा म्हणाला. मॅनेजरनं घसा साफ करून विचारलं, "जोड कुठं यायचा, हे आपल्याकडे कोण ठरवतं?" सगळ्यांनी तपासनिसाकडे पाहिलं. त्या वेळी त्याच्या तोंडातून जे निघालं ते शब्दशः असं होतं: "ठेवतो पट्टेवाला."

विचारलं होतं 'ठरवतं'. त्यानं उत्तर दिलं 'ठेवतो'. मधला एक 'र' गिळला गेला आणि 'ठ'वर एक मात्रा चढली, एवढंच. तो मुद्दाम गिळला की खांद्याच्या गोळीनं जीभ जड झाली होती, हे त्याला स्वतःला आजवर ठरवता आलेलं नव्हतं. ठरवण्याचं काम त्याला एकंदरीतच जड जाऊ लागलं होतं. मॅनेजरनं बैठकीचा वृत्तांत लिहिला तेव्हा तो 'र' परत घातला, 'जोडाची जागा पट्टेवाला ठरवतो'. मॅनेजर व्याकरणाचा पक्का माणूस. तो कागद सहीसाठी तपासनिसाकडे आला. त्यानं वाचला. चुकीचा स्वल्पविराम एक होता, तो त्यानं दुरुस्त केला. सही केली.

मग पट्टेवाल्याला आत बोलावलं. "दीड वाजता जोड तूच ठेवलास ना?" "हो, साहेब." आणि तो तपासनिसाकडे बघत थांबला. रागानं नाही. आपल्या बाजूचा माणूस आता बोलेल, अशा विश्वासानं थांबावं तसा. तपासनीस चष्मा पुसत होता. चष्मा फार मळला होता. पुसून होईपर्यंत पट्टेवाला निघून गेला होता, आणि आठवडाभरात कारखान्यातूनही.

घरी बायको दारातच म्हणाली, "अहो, आधी तो फोन बघा. दर अर्ध्या तासानं कोण घरच्या फोनवर करतंय, कुणी बाई आहेत. तुमचा उचलत नाही म्हणाल्या. मला आपलं वाटलं, या वयात काय काढलंत?"

"कामाचा आहे."

"मग घ्या की."

"म्हणूनच घेत नाहीये."

त्याच्या हातातला नंबरचा कागद घेऊन फ्रिजवर चिकटवत ती म्हणाली, "त्या पट्टेवाल्याबद्दल विचारत होत्या. मी म्हटलं, आमच्याकडे येऊन कपाटाचं बिजागर बसवून गेला होता, चहासुद्धा घेतला नाही. एवढंच माहिती मला. खरंच, का हो काढला त्याला?"

"जोड चुकला."

"कुणाचा?"

स्वयंपाकघरात नळ चालू होता, तिला उत्तराची फार घाई नव्हती. तो आतल्या खोलीत गेला. टेबलाच्या खणात त्याच्या जुन्या नोंदींच्या वह्या होत्या आणि त्यांच्यात एक कागद. हा कागद असल्याचं बायकोला माहीत नव्हतं, मॅनेजरला माहीत नव्हतं. पट्टेवाल्याला माहीत होतं, आणि तरीही त्यानं परवा फोनवर त्याचा उच्चार केला नव्हता. दीडला ठेव म्हणून सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी पट्टेवाल्यानं कामाच्या चिठ्ठीच्या मागं लिहून पाठवलं होतं, कारण तोंडी बोललेलं साहेब विसरतात. 'साहेब, पिनेचा नकाशा बघितला. भाराचा बाण दीडच्या बाजूला आहे. जोड तिथं नको. साडेसातला ठेवतो, पिना मी फिरवून देईन. कळवा.' आणि त्याच्याखाली लाल पेननं: 'दीडलाच. चालू करा.' खाली सही. नकाशा तपासनिसानं तेव्हा उघडून पाहिला नव्हता. नकाशा वरच्या कपाटात असे, हात उंच करावा लागे. बैठकीच्या संध्याकाळी तो हा कागद फाडणार होता. दोन्ही हातांत धरलाही होता. पण अठ्ठावीस वर्षांत त्यानं एकही नोंद फाडली नव्हती, आणि ऐन वेळी ही शिस्त आडवी आली. प्रामाणिकपणा नव्हे, शिस्त. हा फरकही त्यानं स्वतःशी नोंदवून ठेवला होता.

फोन वाजला. त्यानं घेतला.

"सापडलात एकदाचे," बाई म्हणाल्या. "कामात होतात?"

"चष्म्याचा नंबर काढायला गेलो होतो."

"वाढलाय?"

"हो."

"वाढायचाच. ऐका, मी तुमचा वेळ घेत नाही. हा तुमचा पट्टेवाला. माणूस कसा आहे?"

"हात स्थिर आहे. पट्टा शेवटपर्यंत एकसारखा. वितळवत नाही कधी."

"ते मी काल मशीनवर बसवून बघितलं. तुमच्याकडून का गेला ते सांगा. पिनांचं प्रकरण कानावर आलंय माझ्या. जोड भाराखाली होता म्हणे."

"होता. त्यानंच ठेवला होता."

बोलून झाल्यावर त्याला कळलं की वाक्य पुन्हा तेच आलंय, तसंच गुळगुळीत, जिभेवर ठेवलेलं. इतक्या सहज, की त्याला स्वतःची भीती वाटली.

"अहो, ठेवणार तोच," बाई जरा वैतागून म्हणाल्या. "मशीनवर तो बसतो, तर ठेवायला काय वॉचमन येणार? मी विचारतेय, ठरवला कुणी?"

दोन महिन्यांत हा प्रश्न त्याला दुसऱ्यांदा विचारला गेला होता. नळ बंद झाला होता. बायको दाराशी येऊन उभी असावी, बांगड्यांचा आवाज झाला.

"मी," तो म्हणाला.

मग बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. पण मग माझी अडचण वाढली. म्हणजे हा सांगेल ते निमूट करणारा माणूस. उद्या माझ्याकडे कुणी उलटं सांगितलं तर तेही करेल. मला नाही म्हणणारा माणूस हवाय. तुम्ही खरं बोललात, आभारी आहे. मी दुसरा बघते."

"थांबा," तो म्हणाला. आवाज मोठा निघाला. आपण खरं बोललो आणि त्या खऱ्यानंच त्या माणसाचा उरलासुरला घास काढला, हे त्याच्या लक्षात यायला श्वासाएवढा वेळ लागला. आपलं खरं आजवर असंच निघत आलंय, चार जागांचं. "त्यानं नाही म्हटलं होतं."

"तोंडी? ते काय, आता कुणीही म्हणेल."

"लेखी."

"मग तो कागद बैठकीत का नाही आला?"

"माझ्याकडे होता."

"आणि आत्ता कुठाय?"

"माझ्याकडेच."

"दोन महिने?"

"दोन महिने."

"फोटो पाठवा," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यानं कागद टेबलावर पसरला. खिडकीतून संध्याकाळचा उजेड येत होता, दिवा लावायची गरज नव्हती. फोन वर धरला तेव्हा चौकटीत फक्त वरचा भाग आला, पट्टेवाल्याचं गोल गोल अक्षर, 'जोड तिथं नको'. बाईंना हवं होतं ते सगळं त्यात होतं. त्यात खोटं काही नव्हतं. एवढंच पाठवलं तरी त्या माणसाची सोमवारची सोय होत होती, आणि लाल शाई टेबलावरच राहत होती. बाईंचं आणि त्याच्या कारखान्याचं गिऱ्हाईक एकच, कागद कुठून कुठं जाईल सांगता येत नव्हतं. अंगठा बटणावर टेकलेला. पाठीमागून बायको म्हणाली, "अहो, खालचं येत नाहीये त्यात."

"माहितीये."

त्यानं हात उंच केला. खांद्यात कळ आली, ओळखीची. कागद चारही कोपऱ्यांसकट चौकटीत आला. त्यानं फोटो काढला आणि पाठवला, आणि विचार बदलायला वेळ मिळू नये म्हणून फोन पालथा ठेवला. तो लगेच वाजला.

"मिळाला," बाई म्हणाल्या. "त्याला सोमवारी यायला सांगते. हे लाल पेननं लिहिलंय, ती सही तुमची?"

"माझी."

"मग हा सहीवाला अजून तिथंच आहे कामाला?"

"आहे."

"काय काम करतो?"

तपासनिसानं दाराकडे पाहिलं. बायको पदराला हात पुसत त्याच्याकडेच बघत होती.

"तपासतो," तो म्हणाला. "दुसऱ्यांचं काम."